माह्या डोळ्यासमोर

बडनेरा रोडवरच्या त्या दुकानाला पुढून लोखंडी जाळी आहे. जाळीत खाली एक चौकोनी खिडकी. तिच्यातून नोटा आत जातात आणि बाटली बाहेर येते. शनिवारी दुपारी तिथे पुरुषांची रीघ लागलेली असते. अशाच एका शनिवारी घरी साडू येणार म्हणून मी रांगेत उभा होतो, आणि माझ्यापुढे चार माणसं सोडून एक बाई उभी होती. अबोली रंगाची सुती साडी, घट्ट अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी. पुढचे-मागचे पुरुष तिच्यापासून हातभर अंतर राखून उगाच मोबाइलमध्ये डोकं घालून उभे होते. तिचा नंबर आला तशी ती खिडकीशी वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "एक बियर द्या. अन् फ्रीजमधली नोको, बाहेरची द्या. थंड्यानं त्याचा गळा धरते."

आवाज ओळखीचा होता. रोज शाळेच्या कार्यालयातून तो मैदानापर्यंत ऐकू यायचा. बाटली पिशवीत टाकून बाई वळली आणि कुंदाताई गावंडे माझ्यासमोर उभ्या राहिल्या. चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घातली ती मी. त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं, म्हणाल्या, "तुमीही आले का, सर? घ्या, घ्या, रांग सोडू नोका," आणि स्कूटीला किक मारून निघून गेल्या.

कुंदाताई आमच्या शाळेत कनिष्ठ लिपिक होत्या. मी त्याच शाळेत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचो. मूळचा मी बार्शीटाकळीचा, पण नोकरीत माझी बोली घासून सपाट झाली होती. त्यांची तशीच राहिली. पुण्याहून बदलून आलेल्या एका अधिकाऱ्याला त्यांनी पहिल्याच दिवशी "काहून, तुमाले खुर्ची नाई दिसून राहिली काय?" असं विचारलं, तेव्हा तो बिचारा आपण कुठे चुकलो म्हणून दोन मिनिटं उभाच राहिला. खरं तर त्या त्याला बसा म्हणत होत्या.

दाखले, बोनाफाइड, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं त्यांच्याकडे. संगणक अडकला की त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, "गेला जीव बापाचा." पण हस्तलिखित दाखल-खारीज रजिस्टर म्हणजे त्यांचा प्राण. शेकडो पोरांच्या जन्मतारखा त्यांना पाठ होत्या. एकदा गावातलं एक बडं प्रस्थ आपल्या मुलाच्या क्रिकेटच्या निवडीसाठी जन्मसाल एका वर्षानं पुढे सरकवून घ्यायला आलं. मुख्याध्यापक घाम पुसत बसले होते. कुंदाताईंनी रजिस्टर उघडलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "भाऊ, लेकरू जन्मलं तवा तिथं तुमी होते, मी नोती. तारीख तुमीच सांगतली, म्या लिहली. आता ते कोनाच्याच बापाची नाई राह्यली." रजिस्टर मिटलं. माणूस गेला. बाई डबा काढून आलूवांग्याची भाजी आणि भाकर खायला लागल्या.

वयाच्या बाबतीत इतकी काटेकोर बाई सोळा वर्षांच्या मुलासाठी दारूच्या दुकानाच्या रांगेत उभी राहते, हे मला त्या शनिवारी माहीत नव्हतं. बियर कुणासाठी, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. घरात त्या आणि त्यांचा एकुलता मुलगा, दोघंच. मुलगा प्रज्वल माझ्याच वर्गात, अकरावीत. त्याला सगळे पज्जू म्हणायचे. पुढच्या बाकावर बसणारा, समीकरणं झटपट सोडवणारा, हसताना तोंडावर हात धरणारा मुलगा.

कुंदाताईंचे यजमान रमेशराव हे आमच्याच शाळेचे लिपिक होते. त्यांच्या जागेवरच अनुकंपा तत्त्वावर त्या लागल्या. रमेशराव प्यायचे, रोज नाही, पण लग्नकार्यात हमखास. मोर्शीला नात्यातल्या कुणाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. तिथून परत येताना एका पुलाजवळ त्यांची मोटारसायकल घसरली. भर दुपार होती. रस्त्यावर रहदारी होती. ते कडेला पडून राहिले.

पुढचं मला कुंदाताईंनी स्वतः सांगितलेलं आहे. तेरवी झाल्यावर त्या एसटीनं त्या पुलाजवळ गेल्या. तिथे एक चहाची टपरी होती. त्यांनी चहा घेतला आणि टपरीवाल्याला विचारलं, "इथं एक मानूस पडला होता. किती वेळ होता?" टपरीवाला भला माणूस असावा, कारण तो खोटं बोलला नाही. म्हणाला, "लय वेळ होता, बाई. वास येऊन राह्यला होता. आमाले वाटलं पेलेला आहे, उतरली का उठन." डॉक्टर म्हणाले होते की तासभर आधी आणलं असतं तर कदाचित वाचले असते. रमेशराव दोन तास तिथे पडून होते. येणारे-जाणारे त्यांना पाहत होते.

"सर, त्याले कोनी उचललं नाई याचा मले राग नाई," त्या म्हणाल्या होत्या. "मीही नसतं उचललं. पेलेल्या मानसाले कोन हात लावते? रस्त्यावरचा पेलेला मानूस म्हंजे मानूस नाईच." तेव्हा प्रज्वल आठ वर्षांचा होता.

दुकानातल्या त्या भेटीनंतर पंधरा दिवसांनी मी धीर केला. मधल्या सुट्टीत कार्यालयात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी..."

"पज्जूसाठी नेली होती," त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. टेबलावरचा कागद बाजूला केला आणि जे झालं ते सांगितलं. महिनाभरापूर्वी प्रज्वल मित्रांबरोबर छत्री तलावाकडे गेला होता. संध्याकाळी स्कूटी घेऊन परत आला तेव्हा स्कूटीचा एक आरसा तुटला होता, त्याचं कोपर सोललं होतं आणि तोंडाला वास येत होता. त्यांनी त्याला मारलं नाही. किल्ली काढून घेतली, त्याला झोपवलं आणि त्याच्या उशाशी बसून राहिल्या.

"तो म्हने, आई, सगळेच पेतात. आता हे त खरंच आहे ना, सर? मी किती दिवस बांधून ठिवीन? आज नाई म्हनलं त उद्या तो लपून पेइन, अन् गाडी हानत येइन. म्हून म्या त्याले सांगतलं, बापू, प्याचीच आहे त घरात पे. शनिवारी एक. मी आनून देतो. पन माह्या डोळ्यासमोर. अन् गाडीले हात लावाचा नाई."

"ताई, पण तो सोळा वर्षांचा आहे."

"मले माइत आहे किती वर्साचा आहे. ट्रक वय इचारते काय, सर?"

हा प्रश्न वर्गात विचारला असता तर माझ्याकडे उत्तर होतं. शरीराचं, मेंदूच्या वाढीचं, सवयीचं, सगळं मला सांगता आलं असतं. पण मोर्शी रोडवरच्या त्या टपरीवर चहा पिऊन आलेल्या बाईसमोर ते माझ्या तोंडून फुटेना. मी "बघा बाई, जपून," असं काहीतरी पुटपुटलो आणि वर्गावर गेलो. गप्प बसायची सुरुवात मी तिथे केली.

दोनेक महिन्यांत बोभाटा झाला. एका पालकानं कुंदाताईंना रांगेत पाहिलं आणि स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं बाई स्वतःच पिते, कुणी आणखी काही म्हणालं. मुख्याध्यापकांनी आडवळणानं शाळेच्या प्रतिष्ठेचा विषय काढला. कुंदाताई कुणाला काही बोलल्या नाहीत. फक्त कार्यालयातून मैदानापर्यंत जाणारा तो आवाज खाली आला. मला ते बघवेना. एका शनिवारी शाळा सुटताना मी त्यांना म्हणालो, "ताई, तुम्ही नका जाऊ तिथे. मी आणून देत जाईन."

त्या म्हणाल्या, "तुमच्यावाल्या बाईसायबायले चालन का?"

"तिला कशाला सांगायचं?" मी म्हणालो.

मला तेव्हा वाटलं, मी एका एकट्या बाईची लाज झाकतो आहे. पुढे वर्षाहून अधिक काळ मी दर शनिवारी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली, वर मेथीची जुडी टाकून, साईनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी पोचवत होतो. सोमवारी त्याच मुलाला वर्गात शिकवत होतो.

त्यांचा शनिवार संध्याकाळचा एक रिवाज ठरलेला होता. आधी प्रज्वलनं पोटभर जेवायचं, उपाशीपोटी प्यायची नाही. मग त्या दाराला आतून कडी घालायच्या. स्कूटीची किल्ली कमरेला खोचलेली असायची. स्टीलच्या पेल्यात बियर ओतायच्या, शेजारी भाजलेले शेंगदाणे ठेवायच्या आणि समोर तांदूळ निवडत बसायच्या. स्वतः त्यांनी कधी थेंबाला तोंड लावलं नाही. वासानंसुद्धा त्यांचं डोकं दुखायचं. कपाळाला बाम लावून बसायच्या. मला म्हणायच्या, "बसा ना, सर. तुमी असले का तो हळू पेते."

पहिल्या वेळी मला पाहून प्रज्वलच्या हातातला पेला टेबलाखाली गेला. "राहू दे रे," मी म्हणालो. पुढे त्याची भीड चेपली. एकदा त्यानं फेसाकडे पाहत विचारलं, "सर, हे यीस्टचंच काम ना?" आणि मी त्या टेबलावर त्याला आंबवण्याची क्रिया समजावून सांगितली. साखरेपासून अल्कोहोल कसं होतं, वायू कुठून येतो. तो मन लावून ऐकत होता, मधूनमधून घोट घेत होता. कुंदाताई कौतुकानं म्हणाल्या, "पाहा, दुसऱ्याचे पोट्टे नाल्यात पडून पेतात. हा शिकून पेते." आम्ही तिघंही हसलो. ते हसणं मला आजही ऐकू येतं.

माझ्या बायकोला, मंगलला, कळायचं ते कळलंच. मेथीची जुडी दर शनिवारी जाते कुठे, हे तिनं तीन महिन्यांत शोधून काढलं. ती रागावली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, "आपला नितीन सोळाचा होता तवा तुमी त्याले आनून देली असती काय?"

मी म्हणालो, "ती बाई वेगळ्या परिस्थितीत आहे."

"मी बाईचं नाई इचारून राह्यली," ती म्हणाली आणि आत गेली. मी तरीही पुढच्या शनिवारी गेलो.

बारावीच्या वर्षी एकाच्या दोन झाल्या. मग शनिवारच्या जोडीला बुधवार आला. प्रज्वलला आता बियरनं काही होत नव्हतं; त्याला दुसरं हवं होतं. मी क्वार्टर आणायला नकार दिला. तेव्हा कुंदाताई पुन्हा स्वतः जायला लागल्या, दूरच्या, राजापेठेकडच्या दुकानात. मी सुटलो, असं मला वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

एव्हाना प्रज्वलला एक गोष्ट कळली होती. आईनं बाटलीला नकार दिला की तो चिडायचा नाही, ओरडायचा नाही. दारापाशी जाऊन चपला घालायचा आणि म्हणायचा, "नाई देत? मंग चाबी दे. मी बाहेरच जातो." एवढंच. एकदा हे माझ्यासमोर झालं. कुंदाताईंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. मग त्यांनी कपाट उघडलं.

तो गेल्यावर, म्हणजे आतल्या खोलीत गेल्यावर, मी म्हणालो, "ताई, तो तुम्हाला भीती दाखवतो आहे. एक दिवस जाऊ द्या."

"अन् त्याच एका दिवशी तो पडला त?" त्या म्हणाल्या. "तुमी येसान काय त्याले उचलाले?"

बारावीला तो पास झाला, पण माझ्या विषयात काठावर. बीएस्सीला नाव घातलं. दुसऱ्या वर्षी कॉलेज सुटलं. मित्र आपापल्या वाटेनं पुण्याला, नागपूरला गेले. ज्या पोरांनी त्याला छत्री तलावावर पहिला घोट दिला, त्यातला एक आता बँकेत आहे आणि चहाशिवाय काही पीत नाही. प्रज्वल मात्र घराबाहेर पडेना. त्याला बाहेर जायची गरजच नव्हती. सगळं घरात होतं.

मार्चमधली गोष्ट. बोर्डाची परीक्षा चालू होती आणि उत्तरपत्रिकांच्या कपाटाची किल्ली कुंदाताईंकडे राहिली होती. सकाळी सातला मी ती घ्यायला त्यांच्या घरी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत प्रज्वल खाटेवर बसला होता. एकवीस वर्षांचा मुलगा, पण खांदे पडलेले, डोळे पिवळट. त्याचे दोन्ही हात थरथर कापत होते. कुंदाताई शाळेत जायच्या तयारीत, साडी नेसून, डबा भरून, त्याच्यासमोर उभ्या होत्या. एका हातानं त्याची मान धरून दुसऱ्या हातानं त्या त्याला पेल्यातली दारू पाजत होत्या. हनुवटीवर ओघळ आला तो त्यांनी पदरानं पुसला.

मला पाहून त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याचे हात थरथरतात, सर. सांडते."

मी किल्ली मागायला आलो होतो हे विसरलो. प्रज्वलनं माझ्याकडे पाहिलं. पूर्वी हसताना तो तोंडावर हात धरायचा, तसाच धरायला गेला, पण हात तोंडापर्यंत पोचेना.

त्या दिवशी परीक्षा संपल्यावर मी कुंदाताईंना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या, यकृताचं सांगितलं, घरी अचानक बंद करू नका असं बजावलं आणि अकोल्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला. कुंदाताईंनी तो पत्ता शाळेच्या दाखल्यावर लिहावा तशा टपोऱ्या अक्षरात वहीत उतरवला. लांब रजा टाकली. अकोल्यात केंद्राजवळ एक खोली भाड्यानं घेतली. प्रज्वलला भरती केलं.

तीन आठवड्यांनी केंद्रातून त्यांना निरोप आला, घरातल्या जवळच्या माणसाला सोबत आणा, समुपदेशन आहे. धारणीकडे असणाऱ्या त्यांच्या भावानं कधीच संबंध तोडले होते. कुंदाताईंनी मला फोन केला. मी सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेलो.

खोली लहान होती. टेबलामागे तिशीची एक मुलगी, समोर आम्ही दोघं. तिचा आवाज मऊ होता. ती विचारत होती आणि लिहीत होती.

"प्रज्वलनं पहिल्यांदा कुठे घेतली?"

"मित्रायसंग. तलावावर."

"आणि घरी?"

"घरी म्या देली."

मुलीचं पेन थांबलं. "तेव्हा त्याचं वय किती होतं?"

"सोळा वर्सं, दोन महिने, अकरा दिवस," कुंदाताई म्हणाल्या.

"काकू, मी दोष देत नाहीये. मला फक्त समजून घ्यायचं आहे. तुम्हाला का द्यावीशी वाटली?"

मला वाटलं आता त्या मोर्शी रोडचं सांगतील, टपरीचं सांगतील. त्यांनी तसलं काही सांगितलं नाही. म्हणाल्या, "मले वाटलं घर म्हंजे घर असते, बाई. घरात काई होत नाई."

मुलीनं मान हलवली. "घरी कोण आणून द्यायचं?"

मी खाली पाहत होतो. फरशीवर एक मुंगळा माझ्या चपलेच्या कडेनं चालला होता. तोंड उघडायला मला दोन क्षण पुरे होते. पण माझ्या डोक्यात एकदम शाळा आली, निवृत्तीला राहिलेलं एक वर्ष आलं, मुख्याध्यापकांचं तोंड आलं.

"मीच आनत होती," कुंदाताई म्हणाल्या. "दुसरं कोन आनन?"

मुलीनं ते लिहून घेतलं.

बाहेर अकोल्याचं एप्रिलचं ऊन नुसतं भाजत होतं. कडुनिंबाखालच्या बाकावर आम्ही बसलो. मी म्हणालो, "ताई, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

"तुमचं नाव सांगून त्याची सुटते काय?"

"तरी मी सांगायला हवं होतं."

"हाव," त्या म्हणाल्या. "सांगाले पाह्यजे होतं." त्यात राग नव्हता. रजिस्टरमधली चूक दाखवतात तसं त्यांनी ते दाखवलं.

मग पदरानं मान पुसत म्हणाल्या, "सर, आनखी एक गोठ सांगतो. वाईट वाटून घेऊ नोका. तुमी आता येत नोका जाऊ. परवा त्यानं मले इचारलं, सर येनार आहेत काय? अन् इचारताइचारता त्यानं गिळलं. म्या पाह्यलं त्याच्या गळ्याकडं. तुमाले पाह्यलं का त्याले तेच आठोते. त्याची काई चूक नाई. तुमचीही नाई म्हना. पन येऊ नोका."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तीस वर्षं मुलांना शिकवली, वाटेत भेटली की पाया पडतात, "सर, तुमच्यामुळे" म्हणतात. आणि इथे एक मुलगा होता, ज्याच्या तोंडाला मला नुसतं पाहून पाणी सुटत होतं. कुंदाताई मला गेटपर्यंत सोडायला आल्या. रिक्षात बसताना म्हणाल्या, "पाण्याची बाटली घेतली का? ऊन लय आहे." मग वळून आत गेल्या. अबोली रंगाची नव्हे, कुठलीतरी विटकी साडी होती त्या दिवशी. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

पुढचं सगळं ऐकीव आहे. प्रज्वल केंद्रातून तीन महिन्यांनी बाहेर आला, एका मोबाइलच्या दुकानात कामाला लागला. चार महिने नीट गेले. मग पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी आईपासून लपून. पुन्हा भरती झाला. कुंदाताईंनी नोकरी सोडली. त्यांचे कागद न्यायला शाळेचा एक शिपाई अकोल्याला गेला होता. त्याला त्या म्हणाल्या होत्या, "आता मी रोज त्याचं तोंड हुंगतो, भाऊ. आंधी सोता पाजत होती, आता हुंगतो." शिपायानं मला हे हसत सांगितलं, त्याला ती गंमत वाटली होती. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. दोन-तीनदा काढून पाहिला. लावला नाही. प्रज्वल आज कसा आहे, मला नक्की माहीत नाही. विचारायचा हक्क मला आहे की नाही, तेही माहीत नाही.

निवृत्त होऊन मला आता दीड वर्ष झालं. गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी आग्रहानं जेवायला घेऊन गेला. गाडगेनगरात मोठं घर, चांगला व्यवसाय, दहावीतला मुलगा. जेवण झाल्यावर बोलताबोलता तो अभिमानानं म्हणाला, "सर, मी पोराले मोकळं ठेवलं आहे. आता घरात काही असलं की त्यालाही अर्धा ग्लास देतो. बाहेर जाऊन कुठेतरी पिण्यापेक्षा आपल्यासमोर बरं. नाही का?"

मी आयुष्यात पहिल्यांदा कुंदाताईंची गोष्ट कुणाला तरी पूर्ण सांगितली. माझा भाग न वगळता सांगितली. मेथीची जुडी, यीस्ट, सकाळचा तो पेला, अकोल्याची खोली, मी न उघडलेलं तोंड, सगळं. तो मन लावून ऐकत होता. एकदा त्याचे डोळेही ओले झाले. माझं सांगून संपलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

मग तो म्हणाला, "लय वाईट झालं, सर. खरंच. पण आमचा तसा नाही."

आणि त्यानं आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली, "ये रे बापू, सरांच्या पाया पड."

मुलगा आला. उंच, हसरा, ओठांवर नुकती मिसरूड फुटलेली. माझ्या पायांशी वाकला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वादाचे दोन शब्द म्हणायची पद्धत असते. ते मला काही केल्या सुचेनात. तो वाकलेलाच होता, त्याचा बाप कौतुकानं पाहत होता, आणि मी तसाच हात ठेवून बसलो होतो.